दीर्घ अनुपस्थितीनंतर कॅनडाची पीआर: हिशेब, परतीचा प्रवास आणि कार्डाचे नूतनीकरण

कॅनडाची पीआर, म्हणजे तेथे कायम राहण्याचा दर्जा, मिळाली, कुटुंब तिकडे उतरले, काही महिने राहिले आणि नंतर आई-वडिलांचे आजारपण, पुण्या-मुंबईतील चांगली नोकरी किंवा कोविडच्या काळातील अडथळे अशा कोणत्यातरी कारणाने भारतात परतले. मग दोनाची चार वर्षे झाली आणि एके दिवशी पाकिटातल्या कार्डावरची तारीख उलटून गेल्याचे लक्षात आले. अशा स्थितीतील मराठी कुटुंबांची संख्या लहान नाही. त्यांच्यापैकी बरेच जण घाईने पहिला मिळेल तो अर्ज भरून टाकतात आणि ज्या प्रश्नाला एरवी काही काळ तोंड द्यावे लागले नसते तो स्वतःच्याच हाताने अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवतात. म्हणून या लेखात अर्ज कसा भरावा याआधी कोणता अर्ज, कुठून आणि केव्हा भरावा याला अधिक जागा दिली आहे.

पहिली पायरी: कार्ड आणि दर्जा वेगळे ओळखणे

पीआर कार्ड हा केवळ पुरावा आहे. त्याची मुदत साधारणपणे पाच वर्षांची असते आणि ती संपली म्हणून पीआरचा दर्जा संपत नाही. सर्वसाधारण माणसाचा दर्जा चार प्रकारे जातो: तो कॅनडाचा नागरिक झाला तर, निवासाची अट (ठरावीक दिवस कॅनडात राहण्याची) पाळली नसल्याचा परदेशातील निर्णय अंतिम झाला तर, देश सोडण्याचा आदेश प्रत्यक्ष अंमलात आला तर, किंवा त्याने स्वतः लेखी त्याग केला आणि तो मान्य झाला तर. या चारांपैकी काहीही घडलेले नसेल, तर दहा वर्षे सांगलीत काढलेला माणूसही कायद्याच्या दृष्टीने आजही पीआर आहे. त्याने अट मोडलेली आहे हे खरे. परंतु अट मोडणे आणि दर्जा जाणे यांच्यामध्ये अधिकाऱ्याची तपासणी, तिचा निर्णय आणि अपील एवढे टप्पे आहेत.

मात्र याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या 31 व्या कलमानुसार, ज्याच्याकडे कार्ड आहे तो पीआर आहे असे गृहीत धरले जाते, आणि जो कॅनडाबाहेर आहे व ज्याच्याकडे दर्जा दाखवणारे कोणतेही कागद नाहीत तो पीआर नाही असे गृहीत धरले जाते. दोन्ही गृहीतके पुराव्याने खोडता येतात. पण विमानतळावर चेक-इनच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला कायद्याचा हा बारकावा समजावून उपयोग नसतो. मुदत संपलेल्या कार्डावर विमान कंपनी आपल्याला बसू देणार नाही.

दुसरी पायरी: दिवसांचा हिशेब

निवासाची अट 28 व्या कलमात आहे. कोणत्याही पाच वर्षांच्या काळात किमान 730 दिवस कॅनडात प्रत्यक्ष हजर असावे लागते. हे दिवस सलग असण्याची गरज नाही. दिवसाचा थोडासा भागही कॅनडात गेला असेल तर तो पूर्ण दिवस धरला जातो. म्हणजे पोहोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस आपल्या बाजूला जमा होतात. विद्यार्थी म्हणून किंवा वर्क परमिटवर काढलेले पीआरपूर्वीचे दिवस या हिशेबात येत नाहीत. नागरिकत्वाच्या अर्जात त्यांना काही मर्यादेत अर्धे वजन मिळते, त्यामुळे हा गोंधळ वारंवार होतो.

पीआर होऊन पाच वर्षे झाली नसतील, तर अधिकारी असा विचार करतो की पहिली पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत या व्यक्तीला 730 दिवस भरणे शक्य आहे का. पाच वर्षे उलटून गेली असतील, तर तपासणीच्या दिवसापासून मागे मोजलेली फक्त पाच वर्षे पाहिली जातात. त्याआधी कोणी दशकभर तिथे राहिले असले तरी ते दिवस मोजणीत येत नाहीत.

उदाहरण घेऊन पाहू. एक गृहस्थ 1 जून 2021 रोजी पीआर म्हणून टोरंटोला उतरले आणि 30 नोव्हेंबर 2021 रोजी भारतात परतले. त्यांच्या खात्यावर 183 दिवस जमा झाले. पहिली पाच वर्षे 31 मे 2026 रोजी पूर्ण होतात. उरलेले 547 दिवस त्याआधी भरायचे असतील तर त्यांनी 1 डिसेंबर 2024 पर्यंत परतायला हवे होते आणि नंतर एकदाही बाहेर जायला नको होते. ते 10 मार्च 2026 रोजी परतले असे धरले, तर मेअखेरपर्यंत आणखी 83 दिवस मिळतात आणि एकूण बेरीज 266 होते. अट मोडली आहे, यात शंका नाही. यापुढे त्यांना नव्याने 730 दिवस जमवायचे तर मार्च 2028 च्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबावे लागेल, कारण 2021 मधील ते 183 दिवस जून 2026 पासून एकेक करून पाच वर्षांच्या खिडकीबाहेर पडत जातील. हा हिशेब आपल्या तारखा घालून कागदावर मांडावा आणि शेवटी आलेला आकडा कोणत्याही अर्जाला हात लावण्यापूर्वी स्वतःशी मान्य करावा.

तारखा आठवणीवर लिहू नयेत. जुने, रद्द झालेले पासपोर्ट जपून ठेवलेले असतील तर त्यांतील मुंबई किंवा दिल्ली विमानतळाचे शिक्के उपयोगी पडतात, कारण कॅनडात उतरताना यंत्रावरूनच पुढे पाठवले जाते आणि पासपोर्टवर शिक्का बसेलच असे नसते. कॅनडाची सीमा यंत्रणा, म्हणजे सीबीएसए, प्रवाशांच्या आगमनाची आणि अलीकडच्या वर्षांत निर्गमनाचीही नोंद ठेवते. आपला प्रवासाचा इतिहास माहितीच्या अर्जाद्वारे मागवता येतो. तो आपल्या यादीशी ताडून पाहणे हे कंटाळवाणे पण फार मोलाचे काम आहे, कारण अधिकाऱ्यासमोर तीच नोंद असते.

तिसरी पायरी: परदेशातील दिवस धरले जातात का, हे तपासणे

कायद्याने काही परिस्थितींत बाहेर काढलेले दिवसही कॅनडातले मानले आहेत. पती किंवा पत्नी (अथवा विवाहाविना एकत्र राहणारा जोडीदार) कॅनडाचे नागरिक असतील आणि आपण त्यांच्यासोबत परदेशात राहत असाल तर ते दिवस जमा होतात. 22 वर्षांखालील अविवाहित मूल नागरिक आई किंवा वडिलांसोबत बाहेर राहत असेल तर त्याचेही दिवस धरले जातात. मराठी घरांत ही सवलत लागू पडण्याचे प्रमाण बरे आहे, कारण एकाने नागरिकत्व घेतलेले आणि दुसऱ्याने भारतीय पासपोर्ट सोडायचा नाही म्हणून पीआरवरच थांबलेले अशी जोडपी पुष्कळ असतात. अशा वेळी विवाहाचा दाखला, जोडीदाराचे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, दोघांचे सर्व पासपोर्ट आणि एकत्र राहण्याचे पुरावे जोडावे लागतात.

याउलट एक समज अगदी रूढ आहे आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे: मूल कॅनडात जन्मले, ते नागरिक आहे, म्हणून त्याच्यासोबत भारतात काढलेले आमचे दिवस धरले जातील. तसे होत नाही. सवलत नागरिक पालकासोबत राहणाऱ्या मुलाला आहे, नागरिक मुलासोबत राहणाऱ्या पालकाला नाही. मुलाचे हित पुढे मानवी कारणांच्या (दिवस कमी असूनही सहानुभूतीने दर्जा राखू देण्याच्या) विचारात जरूर येते, पण दिवसांच्या बेरजेत नाही.

दुसरी सवलत नोकरीची आहे. कॅनेडियन कंपनीने किंवा तेथील सरकारी सेवेने आपल्याला पूर्णवेळ कर्मचारी म्हणून परदेशातील कामावर नेमून पाठवले असेल तर ते दिवस मोजले जातात, आणि अशा कर्मचाऱ्यासोबत गेलेल्या पीआर जोडीदाराचेही. इथे सगळे वजन ‘नेमून पाठवणे’ या गोष्टीवर आहे. कॅनेडियन कंपनीच्या हिंजवडीतील शाखेने आपल्याला पुण्यातच नोकरीवर घेतले असेल तर ही सवलत लागत नाही. स्वतःच्या सोयीने भारतात येऊन टोरंटोच्या कंपनीचे काम लॅपटॉपवर करत राहिलेल्यांनीही तिच्यावर भिस्त ठेवू नये. न्यायालयांनी या तरतुदीचा अर्थ लावताना नेमणूक तात्पुरती असणे, कॅनडातील कंपनीशी नाते टिकून असणे आणि काम संपल्यावर परत जाण्याची अपेक्षा असणे या गोष्टी पाहिल्या आहेत. केवळ निवासाची अट भागवण्यासाठी कागदावर उभी केलेली कंपनी तर नियमानेच वगळलेली आहे.

चौथी पायरी: तपासणी कुठे होऊ द्यायची

दिवस कमी पडत असतील आणि वरील सवलतीही लागू नसतील, तर एकच आधार उरतो: मानवी आणि सहानुभूतीची कारणे. ती मांडण्याची जागा तीनपैकी एक असते. भारतातून ट्रॅव्हल डॉक्युमेंट (वैध कार्ड नसताना कॅनडाच्या विमानात बसू देणारा कागद) मागताना, कॅनडाच्या विमानतळावर किंवा सीमेवर, अथवा कॅनडात पोहोचल्यावर कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज करताना. कागदोपत्री कारणे तीच असली तरी या तीन जागांचे परिणाम सारखे नाहीत, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला महत्त्वाचा निर्णय हाच आहे.

कार्डाची मुदत अजून शिल्लक असेल, तर विचार करत बसू नये. विमानाचे तिकीट काढावे आणि मुदतीच्या आत कॅनडात पोहोचावे. दिवस कमी असले तरी वैध कार्डावर विमानात बसता येते, आणि पीआर असलेल्या माणसाला देशात प्रवेश करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. आपण पीआर आहोत हे पटल्यावर अधिकारी प्रश्न विचारू शकतो, अहवाल लिहू शकतो. परंतु दारातूनच परत पाठवू शकत नाही.

कार्ड संपलेले असेल तर दोन रस्ते राहतात. पहिला अमेरिकेचा. ज्यांच्याकडे अमेरिकेचा वैध व्हिसा आहे ते अमेरिकेत उतरून खाजगी मोटारीने जमिनीवरील सीमेवर जाऊ शकतात. तिथे विमान कंपनी मध्ये नसल्याने वैध कार्डाची सक्ती येत नाही. जुने कार्ड, पीआर झाल्याचा मूळ कागद आणि पासपोर्ट यांवरून दर्जा सिद्ध करता येतो. बस, रेल्वे किंवा बोटीने जाण्याचा बेत करू नये, कारण त्या कंपन्याही विमान कंपनीप्रमाणेच कागद तपासतात. हा रस्ता बेकायदेशीर नाही आणि लपूनछपून करण्यासारखाही नाही. सीमेवर तपासणी होतेच. फरक एवढाच की ती कॅनडाच्या भूमीवर होते.

दुसरा रस्ता म्हणजे भारतातून पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंटचा अर्ज. अमेरिकेचा व्हिसा नसलेल्या बहुतेकांना याच रस्त्याने जावे लागते.

पाचवी पायरी: ट्रॅव्हल डॉक्युमेंटचा अर्ज

अर्जाचा नमुना आयएमएम 5524 आहे आणि शुल्क 50 कॅनेडियन डॉलर आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो. पासपोर्टसंबंधीची पुढील कामे व्हिसा अर्ज केंद्रांमार्फत होतात आणि महाराष्ट्रात अशी केंद्रे मुंबई व पुणे येथे आहेत. अर्जात मागील पाच वर्षांतील सर्व अनुपस्थिती तारखांसह लिहायच्या असतात, पासपोर्टच्या पानांच्या प्रती जोडायच्या असतात आणि दिवस कमी पडत असतील तर आपण कोणत्या आधारावर मागणी करत आहोत ते सांगायचे असते. मानवी कारणांचा आधार घ्यायचा असेल तर तो आपणच स्पष्ट शब्दांत मागावा. अधिकारी आपल्या कागदांतून तो शोधून काढेल अशी अपेक्षा ठेवू नये.

इथे धोका असा आहे की हा अर्ज साध्या प्रवासाच्या परवान्यासारखा दिसत असला तरी त्यासोबत निवासाच्या अटीची पूर्ण तपासणी होते. अर्ज नाकारला गेला आणि 60 दिवसांत अपील केले नाही, तर तो निर्णय अंतिम होतो आणि पीआरचा दर्जा तिथेच संपतो. ‘पाहू तरी काय म्हणतात’ अशा वृत्तीने केलेल्या अर्जाने दर्जा घालवलेले लोक आहेत. नकाराचे पत्र ईमेलवर येते, ते कधीकधी नको असलेल्या ईमेलच्या कप्प्यात पडून राहते आणि साठ दिवस संपतात. अर्ज केल्यापासून तो कप्पा रोज तपासावा.

अपील इमिग्रेशन अपील विभागाकडे होते. तपासणीआधीच्या 365 दिवसांत आपण किमान एकदा कॅनडात प्रत्यक्ष हजर असाल आणि अपील दाखल केले असेल, तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत ट्रॅव्हल डॉक्युमेंट द्यावे लागते आणि आपण कॅनडात जाऊन सुनावणी लढवू शकता. वर्षभरात एकदाही न गेलेल्यांना बहुधा भारतात बसूनच, दूरस्थ पद्धतीने अपील चालवावे लागते. म्हणून अनुपस्थिती लांबणार हे दिसत असेल, तर वर्षातून एकदा चार दिवसांची का होईना, कॅनडाची फेरी मारून ठेवण्याचा सल्ला जाणकार देतात. त्या चार दिवसांनी 730 भरत नाहीत, पण हा दरवाजा उघडा राहतो.

मानवी कारणांचे पत्र कसे असावे

अधिकारी आणि अपील विभाग जे घटक पाहतात ते ठरलेले आहेत: दिवस किती कमी पडले, देश का सोडला, बाहेर का राहावे लागले, परतण्याचा प्रयत्न पहिल्या संधीला केला का, कॅनडात घर, नोकरी, नातेवाईक, बचत असे धागे किती, दर्जा गेल्यास कोणाला किती त्रास होईल, आणि या निर्णयाचा थेट परिणाम होणाऱ्या मुलाचे हित कशात आहे. 600 दिवस भरलेला माणूस आणि 40 दिवस भरलेला माणूस यांना सारख्याच कारणासाठी सारखी वागणूक मिळत नाही. तूट जेवढी मोठी तेवढी कारणे भक्कम लागतात.

आपल्याकडची पत्रे बहुधा एकाच ठिकाणी कमी पडतात. वडिलांना पक्षाघात झाला, मी एकुलता एक मुलगा आहे, सेवा करणे माझे कर्तव्य होते, एवढे लिहून पत्र संपते. कॅनडातल्या अधिकाऱ्याला कर्तव्यभावना समजते. पण त्याचा प्रश्न पुढचा असतो. वडिलांची शुश्रूषा दुसऱ्या कोणाला करता आली नसती का? त्यांची तब्येत स्थिरावल्यावर किंवा त्यांचे निधन झाल्यावर किती दिवसांनी निघालात? त्या काळात इथे नोकरी धरली असेल तर ती सेवेसाठी थांबल्यामुळे धरली की नोकरीसाठी थांबलात? या प्रश्नांची उत्तरे पत्रात आधीच, तारखांसह आणि कागदांसह असली पाहिजेत. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचे निदान आणि सोबत माणूस राहण्याची गरज नोंदवणारे पत्र, मृत्यूचा दाखला, बहिणीचे सासर परगावी किंवा परदेशात असल्याचा पुरावा, कॅनडात चालू ठेवलेले बँक खाते, भाड्याचा करार, तिथल्या नोकरीसाठी केलेले अर्ज, रद्द झालेली विमानाची तिकिटे असे सर्व काही घटनाक्रमाने लावावे.

कोविडबद्दल वेगळे सांगायला हवे. महामारीमुळे 730 दिवसांची अट कोणालाही आपोआप माफ झाली नाही. 2020 आणि 2021 मध्ये विमाने बंद असल्याने अडकलो हे कारण मांडता येते. मात्र त्यानंतर 2023 किंवा 2024 मध्येही का गेला नाहीत, हा प्रश्न त्यापाठोपाठ येणार हे धरून चालावे.

मराठीतील कागदांचे इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर जोडणे आवश्यक असते. महाराष्ट्रातील जन्म-मृत्यूचे दाखले सध्या बहुधा द्विभाषी असतात, पण जुने दाखले, ग्रामपंचायतीची पत्रे, सातबारा, तलाठ्याचे दाखले यांचे भाषांतर करून घ्यावे लागते. सोबत मूळ कागदाची प्रमाणित प्रत आणि भाषांतरकाराचे शपथपत्र असावे. भाषांतर स्वतः अर्जदाराने किंवा नातेवाइकाने केलेले चालत नाही, आणि नातेवाइकांच्या यादीत काका, मामा, भाचे, पुतणे, चुलत आणि मामे भावंडेही येतात. घरात इंग्रजीचा प्राध्यापक असला तरी त्याला या कामापासून दूर ठेवावे.

सहावी पायरी: विमानतळावरील प्रश्न

दिवस कमी असताना कॅनडात उतरणाऱ्याला अधिकारी विचारू शकतो की शेवटचे कधी आला होतात आणि इतके दिवस कुठे होतात. खरे तेच सांगावे, थोडक्यात सांगावे आणि कागद जवळ ठेवावेत. प्रवासाच्या तारखा लपवणे किंवा खोटा पत्ता सांगणे हे चुकीच्या माहितीच्या सदरात मोडते, आणि तो दोष निवासाच्या तुटीपेक्षा कितीतरी गंभीर आहे. त्यासाठी पाच वर्षांची प्रवेशबंदी होऊ शकते.

यानंतर तीन गोष्टी घडू शकतात. अधिकारी समज देऊन किंवा काहीच न बोलता आत सोडतो. कारणे ऐकून ती पुरेशी मानतो. किंवा 44 व्या कलमाखाली अहवाल लिहितो. अहवाल वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातो आणि त्याने तो मान्य केला तर देश सोडण्याचा आदेश निघतो. हा कागद हातात पडल्यावर लोक घाबरून जातात, आणि ते साहजिक आहे. परंतु त्यावर 30 दिवसांत अपील करता येते आणि अपील प्रलंबित असेपर्यंत आदेश अंमलात येत नाही. त्या काळात आपण पीआरच असता, राहू शकता, नोकरी करू शकता आणि एक वर्ष मुदतीचे कार्डही मागू शकता. मात्र अहवालानंतरचे दिवस 730 च्या मोजणीत धरले जात नाहीत. प्रकरणाचा अंतिम निकाल आपल्या बाजूने लागला तरच ते जमा होतात.

सातवी पायरी: आत आल्यानंतर थांबणे

अहवाल न होता आत आलात आणि दिवस कमी आहेत, तर लगेच कार्डाचा अर्ज करू नये. अर्ज केला की तपासणी ओढवते. 730 दिवस पूर्ण होईपर्यंत कॅनडातच राहावे आणि मगच नूतनीकरण मागावे हा सनदशीर आणि सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. कार्ड संपलेले असले तरी राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क अबाधित असतो, आणि पीआरच्या सोशल इन्शुरन्स क्रमांकाला मुदत नसते. अडचण येते ती आरोग्य कार्डाच्या किंवा वाहन परवान्याच्या खिडकीवर, जिथे वैध पीआर कार्ड मागितले जाऊ शकते. प्रत्येक प्रांताची रीत वेगळी असल्याने पर्यायी कागद कोणते चालतात ते आधी विचारून घ्यावे.

या मार्गाची खरी किंमत म्हणजे जवळजवळ दोन वर्षे देशाबाहेर पाऊल न टाकणे. घरचे लग्न असो वा कोणाचे निधन, बाहेर गेलात की परतीसाठी पुन्हा ट्रॅव्हल डॉक्युमेंट लागणार आणि तपासणी होणार. ज्यांचे वृद्ध आई-वडील भारतात आहेत त्यांनी ही गोष्ट त्यांच्याशी निघण्यापूर्वीच बोलून घ्यावी.

आठवी पायरी: कार्डाचा अर्ज

दिवस भरले असतील तर ही पायरी सोपी आहे. नमुना आयएमएम 5444, शुल्क 50 डॉलर, ठरलेल्या मापाचे छायाचित्र, पासपोर्टच्या प्रती, मागील पाच वर्षांचा पत्ता, नोकरी आणि प्रवास यांचा तपशील. मुदत संपायला नऊ महिन्यांपेक्षा कमी काळ उरला की अर्ज करता येतो. अर्ज करताना आपण कॅनडात असणे बंधनकारक आहे आणि कार्ड कॅनडातील पत्त्यावरच येते. मित्राच्या घरचा पत्ता देऊन पुण्यातून अर्ज करण्याची कल्पना मनातून काढून टाकावी. एकूण अनुपस्थिती 1,095 दिवसांपेक्षा अधिक असेल तर अर्जातच तिचे कारण आणि पुरावा द्यावा लागतो. प्रवासाच्या तक्त्यात अमेरिकेची एका दिवसाची फेरीसुद्धा लिहावी.

राहिल्याचा पुरावा म्हणून कराच्या नोटिसा, पगारपत्रके, भाड्याच्या पावत्या, मुलांच्या शाळेची पत्रे चालतात. कराच्या बाबतीत मात्र सुसंगती राखावी. कर वाचवण्यासाठी एखाद्या वर्षी स्वतःला अनिवासी घोषित केले असेल आणि आता त्याच वर्षात आपण कॅनडात स्थिरावलो होतो असे सांगत असाल, तर त्या दोन कागदांमधली विसंगती अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाही. करातील निवास आणि इमिग्रेशनमधील निवास यांचे नियम वेगळे आहेत हे खरे, पण तो खुलासा आपणहून करावा.

दिवस भरलेले असताना सल्लागाराची गरज नसते. मानवी कारणांचे प्रकरण किंवा अपील असेल तर मात्र कॅनडातील वकील किंवा तेथील सल्लागारांच्या नियामक संस्थेकडे नोंदलेला परवानाधारक सल्लागारच धरावा. अपील विभागापुढे उभे राहण्याचा अधिकार सर्वच सल्लागारांना नसतो, हे आधी विचारून घ्यावे. ‘आमची आत ओळख आहे’ असे सांगणाऱ्या एजंटाला पासपोर्ट देऊ नये.

परतायचेच नसेल तर

काही कुटुंबांनी भारतातच राहायचे मनोमन ठरवलेले असते आणि त्यांना फक्त मुलीच्या पदवीदानाला किंवा बहिणीकडे महिनाभर जायचे असते. अशांनी पर्यटक व्हिसाचा अर्ज केला तर तो पुढे सरकत नाही, कारण पीआर असलेल्याला तो व्हिसा देता येत नाही. त्यांच्यासाठी स्वेच्छेने त्याग करण्याचा आयएमएम 5782 हा नमुना आहे. त्याग मान्य झाला की व्हिसाचा अर्ज करता येतो. त्याग केल्याने पुढे पुन्हा पीआर मागण्याची बंदी येत नाही, आणि जोडीदार नागरिक असेल तर तो नव्याने प्रायोजकही होऊ शकतो. परंतु गुणांवर आधारित पद्धतीने पुन्हा अर्ज करायचा झाल्यास वाढलेल्या वयाचे गुण कमी होतात. त्यागावर पती-पत्नी दोघांनी एकाच वेळी सही करण्याची गरज नसते. एकाचा दर्जा टिकण्यासारखा असेल तर त्याने तो ठेवावा आणि दुसऱ्याने वेगळा निर्णय घ्यावा. लहान मुलांचा त्याग पालकांच्या सहीने होत असल्याने, बारावीनंतर कॅनडात शिकण्याची त्यांची शक्यता असेल तर त्यांच्या अर्जावर सही करण्याआधी विद्यार्थी व्हिसावर तिथे लागणारे शुल्क आणि पीआर विद्यार्थ्याचे शुल्क यांतील फरक जरूर पाहून घ्यावा.